वाळ्यांचे वजन

जयसिंगपूरच्या शिशुमेद केंद्रात बाळाला पेटीत ठेवले, की त्याची आई हमखास काचेला कपाळ टेकून उभी राहते. आत बाळाला काहीही होत नाही. सुई नाही, किरण नाहीत, पाणी नाही. नुसती हवा असते आणि तीही कुशीइतकी उबदार. दोन मिनिटांनी झाकण उघडते आणि पडद्यावर एक आकडा उमटतो. पूर्वी पत्रिकेतल्या मंगळाला जी किंमत होती, ती गेल्या चार वर्षांत या आकड्याला आली होती.

डॉ. जयप्रभा मगदूम यांना ही तुलना रुचली नसती. त्या मापनशास्त्राच्या अभ्यासक. विभागातल्या अशा सर्व पेट्या अचूक चालतात की नाही हे तपासणे त्यांचे काम होते. मंगळ सांगितला जात असे, मेद मोजला जात होता, आणि सगळा फरक त्यांच्या मते तिथेच होता.

पेटीचे तत्त्व साधे आहे. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू आणि हाडे पाण्यापेक्षा जड. म्हणून शरीराची घनता कळली, की त्यात चरबीचा वाटा किती हे गणिताने काढता येते. आणि घनता म्हणजे वजन भागिले आकारमान. वजन काटा सांगतो. आकारमानासाठी तान्ह्या बाळाला पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून त्याला हवेत बुडवायचे. बंद पेटीत बाळ जितकी जागा अडवते तितकी हवा कमी राहते. पेटीतला एक पडदा किंचित आत-बाहेर हलवला, की उरलेल्या हवेचा दाब किती बदलतो यावरून ती हवा किती आहे हे समजते, आणि त्यावरून बाळाचे आकारमान. अडचण एवढीच, की गुटगुटीत आणि किडकिडीत बाळांच्या घनतेतला फरक शेकडा दोन-तीनच्या पुढे जात नाही. सगळा निकाल या चिंचोळ्या फटीतून वाचायचा असतो. बाळाचे जावळसुद्धा घट्ट टोपीखाली दाबून बसवावे लागते, कारण केसांत अडकलेली हवा हिशेब बिघडवते.

निकालाचा उपयोग काय, हा प्रश्न मापनशास्त्राच्या बाहेरचा. आपल्याकडची बाळे जन्मतः लहानखुरी दिसली, तरी त्यांच्या अंगात मेदाचा वाटा अधिक असतो, असे जुने निरीक्षण होते. त्या मेदाचा पुढच्या वयातल्या मधुमेहाशी संबंध असावा, हा त्यावर बांधलेला तर्क. योजनेच्या पुस्तिकेत येईपर्यंत त्या ‘असावा’चे ‘आहे’ झाले होते. सरकारी कागदावर क्रियापदे लवकर प्रौढ होतात. आता सहाव्या आठवड्यात प्रत्येक बाळ पेटीत जाई, आणि आकडा, म्हणजे चरबीचा शेकडा वाटा, विसाच्या वर गेला तर त्याला मिताहार लागू होई. दोन पाजण्यांमध्ये चार तासांचे अंतर, आणि दिवसातून दोनदा आईच्या दुधाऐवजी कमी स्निग्धांशाची पूड. मिताहारात वजन मंद वाढणार हे गृहीत होते, त्यामुळे वजन मंद वाढले तर कोणी दचकत नसे.

जयप्रभाबाई संशयी स्वभावाच्या होत्या. पण माणसाचा संशय बहुधा त्याच्या स्वतःच्या दुखऱ्या जागेपाशी येऊन थांबतो. त्यांचे यजमान मधुमेहाने एक्कावन्नाव्या वर्षी गेले. आधी पायाची बोटे गेली, मग पाऊल, मग दृष्टी, आणि मग ते. मुलगा सन्मती तिशीतच साखरेच्या गोळ्या घेऊ लागला होता. त्यामुळे नातीचा, मैत्राचा, आकडा त्यांना कुतूहलापोटी नको होता. तो त्यांना भीतीपोटी हवा होता.

तपासणीला त्यांच्यासोबत सून स्वरदा होती, आणि स्वरदाची आई रत्नमाला मुद्दाम शिरोळहून आल्या होत्या. बारशाला आजोळकडून आलेले चांदीचे वाळे मैत्राच्या पायात होते. स्वरदाच्या माहेरची रीत अशी, की आजीने घातलेले वाळे जावळ काढेपर्यंत पायातून उतरवायचे नाहीत. ही रीत त्या भागातल्या बऱ्याच घरांत होती, आणि योजनेच्या सुरुवातीला तिने मोठा घोळ घातला होता. अंगावर दागिना असलेले बाळ पेटीत घेऊच नये, असे समितीतल्या काहींचे म्हणणे होते. तसे केले तर निम्मा तालुका पेटीकडे फिरकणार नाही, हे जयप्रभाबाईंनी त्यांना पटवून दिले होते. चांदीची घनता ठरलेली आहे आणि दागिन्याचे वजन घरच्यांना पाठ असते; तेवढे विचारून घ्यावे आणि यंत्राने वजाबाकी करावी. हा युक्तिवाद त्यांचा होता आणि तो बिनतोड मानला गेला होता.

परिचारिका बिल्किस मुजावर हिने ठरलेला प्रश्न विचारला. “मावशी, वाळे केवढ्याचे?”

स्वरदाने आईकडे पाहिले. रत्नमालाबाईंनी विहिणीकडे पाहिले.

“सहा तोळ्याचे,” त्या म्हणाल्या. “भरीव हैत.”

जयप्रभाबाईंनी मान डोलावली. वाळे खरोखरच घसघशीत दिसत होते, आणि शिरोळला पिठाची गिरणी चालवणाऱ्या घराने एवढे करावे याचे त्यांना मनातून कौतुकही वाटले होते. मैत्रा पेटीत गेली. आकडा आला बावीस.

त्या दिवसापासून घरातल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मिताहाराचा तक्ता लागला. स्वरदा पहिले दोन दिवस भांडली. बाळ भुकेने रडते आहे, हे कळायला पेटी लागत नाही, असे तिचे म्हणणे होते. सन्मती दोघींच्या मध्ये उभा राहून दोघींनाही ‘बरोबर आहे’ म्हणत असे. जयप्रभाबाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी सुनेला समोर बसवून सासऱ्यांच्या आजारपणाची सगळी हकिगत क्रमाने सांगितली. ऐकून संपल्यावर स्वरदाने एकच विचारले, की हा आकडा नक्की बरोबर असतो का. त्या यंत्राची तपासणी मी स्वतः करते, असे उत्तर मिळाले. मग ती भांडली नाही. मैत्रा रडू लागली, की ती तिला खांद्यावर टाकून फेऱ्या घाली आणि थोड्या थोड्या वेळाने दारात येऊन सासूला विचारी, “आई, वेळ झाली?”

चार आठवड्यांनी मैत्रा पुन्हा पेटीत गेली. वाळ्यांचे वजन आधीच नोंदलेले असल्याने या वेळी कोणी काही विचारले नाही. आकडा पंधरा आला आणि पडद्यावर हिरवी पट्टी उजळली. त्या पट्टीचे नाव ‘आदर्श’ असे होते.

बिल्किसने अभिनंदन केले आणि बाळाला उचलून जयप्रभाबाईंच्या हाती दिले. त्यांनी नातीला कपड्यांशिवाय कित्येक दिवसांत घेतले नव्हते. मांडीची कातडी त्यांच्या बोटांखाली सैल सरकली. मैत्रा रडत नव्हती. रडण्याआधी बाळाचा चेहरा जसा होतो तसा करून थांबली होती, जणू पुढचे श्रम परवडत नसावेत. जयप्रभाबाईंनी पडद्याकडे पाहिले, मग पुन्हा मांडीकडे. दोन साक्षी परस्परविरुद्ध होत्या, आणि त्यांतली एक त्यांच्या हातात होती.

घाबरलेले माणूस काहीही करते. घाबरलेला मापनशास्त्रज्ञ दुसऱ्या पद्धतीने मोजतो. त्यांनी जुन्या सहकाऱ्याच्या प्रयोगशाळेतून जड पाणी आणवले. हे पाणी निरुपद्रवी असते. फक्त त्यातले हायड्रोजनचे अणू नेहमीपेक्षा जड असल्यामुळे ते ओळखू येतात. मोजून काही थेंब बाळाला पाजायचे, ते अंगभर मिसळेपर्यंत काही तास थांबायचे आणि मग लाळेचा नमुना घ्यायचा. शरीरात पाणी जितके जास्त तितके ते थेंब पातळ होतात. चरबीत पाणी जवळपास नसते, म्हणून पाण्यावरून स्नायू आणि स्नायूंवरून चरबी काढता येते. या पद्धतीला बाळाच्या पायात काय आहे याच्याशी कर्तव्य नसते.

उत्तर आले नऊ.

त्यांनी केंद्रातली पेटी एक संपूर्ण दिवस बंद ठेवली. प्रमाणित आकारमानाचे धातूचे ठोकळे आत ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. काटा तपासला, तापमान तपासले, पडद्याची हालचाल तपासली. पेटी निर्दोष होती. संध्याकाळी घरी येताना त्यांनी सगळी साखळी पुन्हा मनात लावली आणि एका कडीपाशी थांबल्या. त्या सगळ्या यंत्रणेत एकच आकडा असा होता, जो कोणत्याही यंत्राने मोजलेला नव्हता.

स्वरदा पुडीचे दूध कालवत होती. जयप्रभाबाईंनी वाळे मागितले. स्वरदा म्हणाली, जावळ व्हायचे आहे. त्यांनी पुन्हा मागितले, फक्त काट्यावर ठेवण्यापुरते. स्वरदा बराच वेळ चमचा फिरवत राहिली.

“आई, ते सहा तोळ्यांचे नाहीत.”

“मग?”

“दोन तोळ्यांचे आहेत. पोकळ आहेत आतून. चांदी चढल्यापासून सगळे सराफ तसेच करतात.”

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“तेव्हा का बोलली नाहीस?”

स्वरदाने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिले. “तुम्ही शेजारी उभ्या होता. आणि मला काय माहीत, आई, वाळ्यांचा आणि दुधाचा संबंध आहे म्हणून? कुणी सांगितलं होतं?”

कुणीच सांगितले नव्हते. प्रश्न विचारावा असे समितीने ठरवले होते. तो का विचारतात हे सांगावे असे ठरवले नव्हते. यंत्राने पायात नसलेली चार तोळे चांदी मैत्राच्या अंगातून वजा केली होती. पोकळ वाळ्यांनी सहा तोळे भरीव चांदीपेक्षा जास्त अडवलेली जागा मात्र तिच्याच नावावर ठेवली होती. वजन घटले, आकारमान वाढले. म्हणजे घनता उतरली. म्हणजे बाळ लठ्ठ. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. सहाव्या आठवड्यातला खरा आकडा सोळा निघाला. चारचौघांसारखा.

त्यांनी भिंतीवरचा तक्ता काढला. तो चिकटवलेला असल्याने रंगाचे पोपडेही निघाले.

पण तक्ता काढल्याने दूध येत नाही. महिनाभर चार-चार तासांच्या अंतराने पाजल्यामुळे आणि मध्ये पूड दिल्यामुळे स्वरदाचे दूध आटत आले होते. मागणी तसा पुरवठा, हा नियम आईच्या दुधालाही लागू आहे. पुन्हा वारंवार पाजले तर ते वाढण्याची शक्यता असते, असे बालरोगतज्ज्ञ म्हणाले. खात्री त्यांनी दिली नाही. मैत्राला स्तनाशी नेले, की ती दोन-चार घोट घेऊन तोंड फिरवी. बाटलीची सोपी धार तिच्या जिभेवर बसली होती.

इकडे जयप्रभाबाईंनी जिल्ह्याचे आकडे उघडले. या जिल्ह्यातली बाळे राज्यात सर्वांत मेदयुक्त आहेत, हे गेल्या वर्षी जाहीर झाले होते आणि तीन विद्वानांनी त्याची तीन कारणे दिली होती: उसाचा पट्टा, म्हशीचे दूध, आणि मळीने बिघडलेले पाणी. जयप्रभाबाईंनी दागिना असलेली बाळे एकीकडे काढली, नसलेली दुसरीकडे. दागिना नसलेली बाळे इतर जिल्ह्यांसारखीच होती. सांगितलेले वजन जितके जास्त, तितके बाळ लठ्ठ. चांदी आजोळची असते आणि प्रश्न विचारला जातो तेव्हा सासर शेजारी उभे असते. उसाचा आणि मळीचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता. मिताहारावर त्या घडीला जिल्ह्यातली तीनशेवर बाळे होती.

विभागीय समितीचे अध्यक्ष डॉ. शेवडे यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. ते वाईट गृहस्थ नव्हते.

“मॅडम, अख्ख्या जिल्ह्यातल्या आज्या खोटं बोलतात, असं मी वर कळवू?”

संख्याशास्त्रीय संबंध म्हणजे कारण नव्हे, हे वाक्य त्यांनी जयप्रभाबाईंनाच ऐकवले. ते वाक्य बाई वीस वर्षे इतरांना ऐकवत आल्या होत्या. संबंधावर योजना थांबत नाही, शेवडे म्हणाले. अभ्यासगट नेमावा लागेल, त्याला सहा महिने लागतील. मात्र एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सिद्ध झाले, दुसऱ्या पद्धतीने पडताळलेले, आणि वजन सांगणाऱ्याने आपण ते चुकीचे सांगितल्याचे स्वतःच्या नावाने लिहून दिले, तर ते त्याच दिवशी मिताहार स्थगित करू शकत होते. नाव गुप्त ठेवता येणार नव्हते. आदेशासोबत जबाब प्रत्येक केंद्रात लागणार होता. निनावी जबाबावर योजना थांबवली, असे उद्या कोणी म्हणायला नको.

असे प्रकरण राज्यात एकच होते.

जयप्रभाबाईंनी घरी येऊन स्वरदाला हे सांगितले, कारण तिला न सांगता जाणे त्यांना जमेना. स्वरदा नाही म्हणाली. तिचे वडील गेल्यापासून आईने एकटीने गिरणी चालवली होती. आजूबाजूच्या गावांतून बायका तिच्याकडे दळण घेऊन येत, ते तिचा काटा सच्चा म्हणून. तिथल्या दवाखान्याच्या भिंतीवर आईच्या नावाने ‘वजन खोटे सांगितले’ असे लागले, तर उद्या तिच्या दारात डबा कोण ठेवील? मैत्राचे जे व्हायचे ते झाले आहे, ती म्हणाली. आता आईला कशाला?

“बाकीची तीनशे आहेत,” जयप्रभाबाई म्हणाल्या.

“ती मोजायला तुम्ही आहात. माझी आई एक आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तरीही शिरोळला गेल्या.

गिरणी चालू होती. रत्नमालाबाईंच्या भुवयांवर पीठ बसले होते. विहीण न कळवता आलेली पाहून त्यांनी हात पुसले, खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि मग काहीतरी बिनसले आहे हे ओळखून गिरणीचा पट्टा सोडवला. आवाज हळूहळू बसत गेला. तेवढ्या वेळात जयप्रभाबाईंनी तयार केलेली प्रस्तावना त्यांच्याच मनातून उतरली. त्यांनी जे घडले ते सांगितले: पेटी कशी मोजते, चार तोळ्यांनी काय केले, तक्ता कोणी लावला, मांडीची कातडी कशी झाली आहे. स्वतःचा भाग त्यांनी गाळला नाही, वाढवलाही नाही. शेवटी समितीला काय हवे आहे ते सांगितले.

रत्नमालाबाई काट्याच्या पारड्यावरचे पीठ बोटाने गोळा करत होत्या.

“पोर उपाशी होती?”

“हो.”

“महिनाभर?”

“हो.”

“मला तर फोनवर सांगत्यात, पोरीचं वजन बरोबर हाय म्हणून.” त्या थांबल्या. “तुमच्यासमोर दोन तोळं म्हणायला जीभ रेटली न्हाई, बाई. तुमचं घर शिकलेलं. तुम्ही मान डोलावलीसा, तवा मला बरं वाटलं.”

त्या मान डोलावण्याची आठवण जयप्रभाबाईंनाही होती.

“लिवा,” रत्नमालाबाई म्हणाल्या. “नाव घाला, गाव घाला. पण त्यात एक घालायचं. वजन खोटं सांगितलं ते वाळ्यांचं. दळणाचं कधी न्हाई.”

ते वाक्य जसेच्या तसे घालावे लागणार होते. सरकारी जबाबात त्याला जागा नव्हती. जयप्रभाबाईंनी ते पहिल्याच ओळीत घातले. रत्नमालाबाईंनी वाचून सही केली, रांगेतले डबे शेजारणीच्या ओट्यावर नेऊन ठेवले, दाराला कुलूप घातले आणि हातात पिशवी घेऊन विहिणीच्या गाडीत बसल्या. चहा तसाच राहिला.

जबाब वाटेतूनच पाठवला गेला. शेवड्यांनी शब्द पाळला. घरी पोहोचेपर्यंत स्थगितीचा आदेश निघाला होता. बिल्किसचा निरोप आला, की केंद्रात दोन आया आदेश वाचून तिथेच बाकावर बसून बाळांना पाजत आहेत. हा विजय आहे असे जयप्रभाबाईंना वाटले नाही. तीनशे बाळांच्या आयांपैकी किती जणींचे दूध अजून आहे, हे कोणत्याही पेटीत मोजता येणार नव्हते. आणि एक महिन्याच्या भुकेचा पुढच्या पन्नास वर्षांवर काय परिणाम होतो, याची पट्टी अजून कोणी आखलेली नव्हती.

दारात आईला पाहून स्वरदाने आधी सासूकडे पाहिले. सगळे तिच्या लक्षात आले. ती पाठ फिरवून आत गेली. रत्नमालाबाई तिच्या मागोमाग गेल्या. जयप्रभाबाई उंबऱ्यात थांबल्या. खोलीतून बराच वेळ फक्त कुजबूज येत होती, एकदा रडणे आले, ते कोणाचे हे कळले नाही.

मग मैत्रा रडली. बारीक, तुटक, पण रडली. जयप्रभाबाई खोलीच्या दारापाशी आल्या. स्वरदाने तिला उचलले, पदराशी हात नेला आणि महिन्याभराच्या सवयीने तिची नजर दाराकडे, सासूकडे, वळली. ओठ हललेही होते.

“तिकडं काय बघतीस?” रत्नमालाबाई म्हणाल्या. “पोरीकडं बघ.”

स्वरदाने खाली पाहिले. मैत्राने तोंड फिरवले. तिने पुन्हा लावले. पुन्हा फिरवले, पुन्हा लावले. जयप्रभाबाईंच्या ओठांवर सूचना आली होती, बाळाला थोडे तिरपे धर अशी, आणि ती कदाचित योग्यही होती. त्यांनी ती गिळली, बाहेरच्या बाजूने दार ओढून घेतले आणि तिथेच, कोणालाही दिसणार नाही अशा, उभ्या राहिल्या.